परसातला ओटा : पोरांच्या खेळाची हक्काची जागा



शेती खात्याच्या पानावर खोडवा, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहावयाचे हा आमचा नेहमीचा शिरस्ता. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. घरामागचा ओटा. कोणी त्यास कट्टा म्हणते, कोणी मागची पडवी. ऊसवाल्याने ओट्याविषयी काय सांगावे, असे कोणी विचारील. परंतु नोंदीच्या आणि ऊस पाहणीच्या निमित्ताने वर्षभर आमची मोटारसायकल वस्त्यावस्त्यांवर फिरत असते, आणि सरीत उतरण्याआधीचा चहा होतो तो याच ओट्यावर. त्यामुळे सभासदाच्या उसाइतकाच त्याचा ओटाही आमच्या पाहण्यात आहे, आणि ओट्यावर काय काय पडलेले असते तेही.

पूर्वी घर गावठाणात होते. एका पोरावर दहा घरांचे डोळे असत. पोर वाटेला लागले की शेजारची म्हातारी हाक मारून परत आणी. पुढे विहिरीवर मोटार बसली, बागायत वाढली, राखणीला आणि पाणी द्यायला सोयीचे म्हणून घर शेतात आले. वस्ती झाली. चांगलेच झाले. पण वस्तीवर शेजार नाही. सूनबाई भांगलणीला, मुलगा पाण्यावर किंवा ट्रॅक्टरवर, आणि घरी आजी व दोन-तीन वर्षांचे पोर. आजीचे गुडघे धरलेले, पोराचे पाय सुटलेले. दारापासून पन्नास पावलांवर विहीर किंवा शेततळे, वीस पावलांवर हौद, दहा पावलांवर कडबाकुट्टी. चारी बाजूंनी ऊस. पोर एकदा उसात शिरले की दिसत नाही.

एका वस्तीवर आम्ही दोन वर्षांच्या नातवाचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीने बाजेच्या खुराला बांधलेला पाहिला. पोर रडून रडून गप्प बसलेले. आम्ही म्हटले, "आजी, हे काय?" तर म्हणाल्या, "काय करू सायेब? सून भांगलायला गेलीया. सोडलं की हौदाकडं पळतंय. माझ्यानं उठवत न्हाई. जितं राहिलं म्हंजी झालं." त्या माउलीला नावे ठेवण्याचा आम्हास अधिकार नाही. तिने तिच्या परीने बंदोबस्तच केला होता. फक्त पोर बांधण्याऐवजी ओटा बांधून काढता येतो, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

पोराला दिवसभर "तिकडं जाऊ नको" म्हणून ओरडले तर ते तिकडेच जाते. त्याला जायला दुसरी जागा आहे का, हे कोणी पाहत नाही. जिथे वाळू आहे, सावली आहे, रेघा मारायला भिंत आहे आणि आजी समोर दिसते, तिथून पोर सहसा हलत नाही. म्हणून कठडा आणि खेळ ही दोन्ही कामे एकदमच करावीत. नुसता कठडा घातला तर पोर त्यावर चढून पलीकडे जाईल. नुसती खेळणी आणली तर ती घेऊन हौदावर जाईल.

आता ओट्याकडे येऊ. आपल्याकडचा मागचा ओटा बहुधा दोन ते तीन फूट उंच, वर शहाबादी फरशी आणि कडेला काही नाही. खाली पाट्यावरवंट्याचा दगड, धुण्याचा दगड, विटांचा ढीग, नाही तर नांगराचा फाळ. दोन-अडीच फुटांवरून पोर मऊ मातीत पडले तर रडते आणि उठते. तेच दगडाच्या कोपऱ्यावर डोके आपटले तर प्रकरण वेगळे होते. त्यामुळे पहिले काम बिनखर्चाचे. ओट्याच्या कडेपासून पाच-सहा फुटांत दगड, लोखंड, विटा, फुटकी कौले काहीही ठेवू नये. जमीन कुदळून माती भुसभुशीत करावी.

मग कठडा. उंची तीन फूट तरी असावी, साडेतीन असल्यास उत्तम. गच्चीला मात्र साडेतीनच्या खाली नकोच. कठडा करताना आपले गवंडी आणि वेल्डर हमखास आडव्या पट्ट्या मारतात. दिसायला बरे दिसते, माल कमी लागतो. परंतु आडवी पट्टी म्हणजे पोराची शिडी. तीन वर्षांचे पोर आडव्या गजांवर पाय ठेवून माकडासारखे वर जाते. गज उभेच हवेत, आणि दोन गजांमधली फट चार इंचांहून जास्त नको. टेप नसेल तर आपली मूठ आवळून फटीत घालून पाहावी. मूठ जेमतेम जात असेल तर ठीक. सैल जात असेल तर फट मोठी झाली. पोराचे अंग फटीतून निघते आणि डोके अडकते, हा त्यातला मोठा धोका. खालची फटही तेवढीच ठेवावी, कारण रांगते पोर खालून सरपटते.

लोखंडाचा खर्च नको असेल तर बांधावरचा बांबू आहे. पक्का, जून बांबू घ्यावा. त्याच्या सरळ चिवाट्या काढून उभ्या ठोकाव्यात, वरची टोके सपाट कापून त्यावर अर्धा बांबू पालथा बसवावा. सगळ्या कडा काचेने किंवा पॉलिश कागदाने घासाव्यात. बांबूची सल फार खोल जाते. पूर्वीचा कठडा आडव्या पट्ट्यांचा असेल तर तो मोडण्याची गरज नाही. आतल्या बाजूने बारीक चौकटीची जाळी ताणून बांधली की पाय ठेवायला जागा राहत नाही. जाळीची तारांची टोके बाहेरच्या बाजूला वळवावीत. काटेरी तार मात्र ओट्याच्या आसपास नको. ती जनावरांसाठी आहे. पोराच्या डोळ्याच्या उंचीला ती असणे आम्हास बिलकूल मान्य नाही.

कठड्याला लागून बाज, स्टूल, पेंडीचे पोते, पालथी बादली ठेवली की केलेला कठडा फुकट गेला. हे घरातल्या सर्वांना सांगावे लागते, आणि आठवड्याने पुन्हा सांगावे लागते.

पायऱ्यांचे सांगतो. वस्तीवरच्या पायऱ्या नऊ-दहा इंच उंच असतात, कारण गवंड्याने दगडाच्या जाडीवर हिशेब बसवलेला असतो. त्या आजीलाही जड आणि नातवालाही. सात इंचांच्या आत उंची आणि पाऊल ठेवायला दहा इंच रुंदी असली की दोघांचे भागते. पायरी वाढवायची म्हणजे एक-दोन घमेल्यांचे काम आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी फळीचे छोटे दार करावे. ते ओट्याच्या बाजूला उघडले पाहिजे. बाहेर उघडणाऱ्या दारावर पोर रेलले की दारासकट पायऱ्यांवर जाते. कडी बाहेरच्या अंगाला खालच्या बाजूस घालावी म्हणजे वरून हात पोहोचत नाही. आणि दार आपोआप मिटावे म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मारावी. येणाराजाणारा प्रत्येक माणूस दार लावील या भरवशावर राहू नये. पाहुणा तर लावतच नाही.

फरशी गुळगुळीत असेल आणि मोरीचे पाणी ओट्यावरून जात असेल तर पावसाळ्यात शेवाळ धरते. पाण्याला वेगळी नाली काढावी, आणि फरशीवर छिन्नीने टाचे मारून घ्यावेत. उन्हाळ्यात शहाबादी तापून पायाला चटके बसतात. पत्र्याचे छप्पर घातले तर खाली भट्टी होते. त्याऐवजी बांबूचा मांडव घालून दोडका, घेवडा किंवा दुधी भोपळ्याचा वेल चढवावा. सावली होते आणि भाजीही होते. दुधी डोक्यावर लोंबू देऊ नये, एवढे पाहावे.

आता जरा अप्रिय विषय. ओटा ही आपली कोठी झालेली आहे. फवारणी करून आले की पंप ओट्यावर, उरलेली बाटली ओट्यावर, रिकामा डबा ओट्याच्या खुंटीला. तणनाशकाची मोठी कॅन फोडून निम्मे औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून भाऊबंदाला देण्याची पद्धत सर्रास आहे. या एका पद्धतीवर आमचा राग आहे. पोराला बाटली ओळखता येते, औषध ओळखता येत नाही. बाटली ओळखीची, आतले पाणी रंगीत, तहान लागलेली. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर आजही उतारा नाही, मोठ्या दवाखान्यातही नाही, आणि त्याचे थोडे घोट जीव घ्यायला पुरे होतात. औषध मूळ डब्यातच राहिले पाहिजे. वाटून घ्यायचे असेल तर दोघांनी मिळून एकाच्या शेतावर पंप भरून न्यावेत.

आणखी एक गोष्ट आपल्याच पिकाची. हुमणीसाठी वर्षानुवर्षे आपण सरीत फोरेट टाकीत होतो. थायमेट म्हणूनच ते सर्वांना ठाऊक आहे. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर देशात पूर्ण बंदी आहे. तरीही जुन्या पिशव्या पोटमाळ्यावर, गोठ्याच्या वळचणीला नाही तर ओट्याखालच्या कोनाड्यात निघतात. उंदरांनी पिशवी फोडली की दाणे ओट्यावर सांडतात. पोराला ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे वाटायला किती वेळ लागणार? अशी पिशवी निघाली तर उघड्या हाताने धरू नये, ओढ्यात टाकू नये, जाळू नये. गटाच्या ऑफिसला कळवावे. पुढे काय करावयाचे ते कृषी खात्यास विचारून सांगू.

औषधांसाठी गोठ्यापलीकडे कुलपाची पेटी करावी. जुनी पत्र्याची ट्रंकही चालते. ठिबकच्या नळ्या धुण्याचे ॲसिड त्याच पेटीच्या शेजारी, पण वेगळ्या कुलपात ठेवावे. त्याची पांढरी कॅन पाण्याच्या कॅनसारखीच दिसते. आणि आजीच्या कमरेची चुन्याची डबीही या यादीत घ्यावी. हसण्यावारी नेऊ नका. चुन्याची पुडी दाबून खेळताना फुटते आणि चुना डोळ्यात जातो. चुन्याने डोळ्याची बाहुली पांढरी पडते, नजर जाते. असे झाल्यास डोळा चोळू नये, तूप-मध घालू नये. तांब्यातांब्याने स्वच्छ पाणी वीस-पंचवीस मिनिटे ओतीत राहावे, खडे दिसले तर पाण्याने काढावेत आणि मग डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे.

पाणी तापवायचा बंब ओट्याच्या टोकाला असतो. त्याच्याभोवती अर्ध्या उंचीची विटांची भिंत घालावी, आणि उकळलेल्या पाण्याची बादली जमिनीवर ठेवून कोणी टॉवेल आणायला आत जाऊ नये. मोटारीचा स्टार्टर ओट्याच्या भिंतीवर असेल तर तो पाच फुटांच्या वर घ्यावा, अर्थिंग तपासावे आणि घराच्या लाइनीला गळती होताच वीज तोडणारा, तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवावा. कपडे वाळत घालायची तार विजेच्या खांबाला किंवा पत्र्याला बांधलेली असते, तिथे नायलॉनची दोरी लावावी. कडबाकुट्टीचा पट्टा झाकलेला हवा आणि काम संपले की फ्यूज काढून खिशात. कोयते, खुरपी खुंटीला, पोराच्या हाताच्या वर.

पाण्याविषयी थोडे सविस्तर. पोर बुडते तेव्हा ओरडत नाही. पुष्कळांना वाटते की पाण्यात हातपाय मारल्याचा आवाज येईल, रडणे ऐकू येईल. लहान पोर आवाज न करता जाते, आणि त्याला विहीर लागत नाही. चार बोटे पाणी असलेल्या बादलीत ते डोक्यावर पडले तर त्याला परत उठता येत नाही, कारण त्या वयात डोके जड आणि हात कमजोर. म्हणून धुणे झाले की बादली पालथी. हौदाला झाकण हवे. पत्र्याचे हलके झाकण पोराच्या वजनाने वाकते, त्यापेक्षा लोखंडी चौकटीवर जाळी बरी. तेवढ्याने जनावरांना पाजायला अडचण होते अशी तक्रार येईल. तर निम्मा हौद पक्का झाकावा आणि जनावरांच्या बाजूचा निम्मा गोठ्याच्या कुंपणात घ्यावा.

शेततळी आता आपल्या कार्यक्षेत्रात बरीच झाली आहेत. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून वाढ अधिक. प्लास्टिक अंथरलेले तळे विहिरीपेक्षाही वाईट. विहिरीला पायऱ्या असतात, कपारीला हात धरता येतो. प्लास्टिकवर शेवाळ धरले की धडधाकट, पोहणारा माणूसही घसरत खाली जातो. तळ्याभोवती कुंपण व कुलपाचे दार हवेच. शिवाय चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडावेत. त्यांना जुने टायर बांधले की पायही टेकतो. ओट्यावरून तळ्याकडे जाणारी पायवाट असेल तर ती मोडून फिरवावी. पोर वाटेने जाते.

फेल गेलेल्या बोअरचेही पाहावे. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचे पोर अशा बोअरमध्ये पडले होते. साठ फुटांवर अडकलेल्या त्या पोराला शेजारून बोगदा करून जिवंत काढले. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. त्यानंतरही अशी पोरे पडत राहिली आणि सगळी वाचली नाहीत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने याबाबत नियम घालून दिले. केसिंगभोवती अर्धा मीटर लांब-रुंद सिमेंटचा चौथरा करावा, तोंडाला लोखंडी पट्टी वेल्डिंगने बसवावी आणि निकामी बोअर माती-दगडांनी तळापासून भरून काढावे. तोंडावर घातलेले बारदान आणि त्यावर ठेवलेला दगड म्हणजे बंदोबस्त नव्हे.

इथवर नुसतेच "नको" झाले. आता खेळाचे.

ओट्याच्या शेजारी, आजीच्या नजरेत, सावलीत, सहा बाय सहा फुटांचा एक फूट खोल खड्डा घेऊन त्यात चाळलेली वाळू भरावी. कडेला विटांऐवजी जुना टायर किंवा ठिबकची मोठी नळी लावली तर टेंगूळ येत नाही. ट्रॅक्टरचा मोठा टायर आडवा टाकून त्यातच वाळू भरली तर खड्डाही नको. फक्त टायरच्या आतल्या पोकळीत पाणी साचून डास होतात, म्हणून खालून दोन-चार भोके पाडावीत. रात्री वाळूवर ताडपत्री टाकावी, नाही तर मांजरे ती आपली समजतात. नारळाच्या करवंट्या, फुटकी चाळण, जुने तांब्ये एवढ्यावर पोर तीन तास रमते. दुकानातले खेळणे अर्ध्या तासात मोडते.

काही सभासद विचारतात, खाली वाळूऐवजी बगॅस टाकली तर? मऊ असते, कारखान्यावर मिळते. कृपया टाकू नये. ओली होऊन शिळी झालेली बगॅस बुरशी धरते, आणि तिच्या धुळीने फुप्फुसाचा विकार होतो. त्या विकाराचे नावच बगॅसवरून पडले आहे, बगॅसोसिस. पाचटही नको. त्यात साप-विंचू बसतात आणि ठिणगीला ते थांबत नाही. पाचट सरीतच राहू द्यावे, तिथे त्याची गरज आहे.

झोका हवाच. तो ओट्याच्या तुळईला बांधायचा मोह होतो, पण खाली फरशी असते. झोका आंब्याच्या किंवा चिंचेच्या जिवंत फांदीला, भिंतीपासून व कठड्यापासून पुढेमागे सात-आठ हात मोकळे ठेवून बांधावा. शेवग्याच्या फांदीला चुकूनही नको, ती कडकन मोडते. दोर सोलापासून जुना झालेला नसावा. बसायला लाकडी फळीऐवजी मोटारसायकलचा टायर घेतला तर दुसऱ्या पोराच्या कपाळाला लागत नाही. खाली वाळू. दोराचा लोंबता फास कुठेही राहू देऊ नये, गळ्यात अडकतो. दर पंधरवड्याला घरातल्या जड माणसाने स्वतः झोक्यावर बसून फांदी पाहावी. हे काम आनंदाने करणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत.

ओट्याची मागची भिंत तीन फूट उंचीपर्यंत काळ्या रंगाने रंगवावी आणि खडूचे तुकडे डब्यात ठेवावेत. शाळेत घातल्यावर पोराच्या हाताला वळण लागायला याचा फार उपयोग होतो असे आमच्या पाहण्यात आहे. शिवाय घरातल्या बाकीच्या भिंती वाचतात. फरशीवर छिन्नीने चल्लस-आठचा पट कोरून घ्यावा. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या ओट्यांवर असे पट कोरलेले असत. पोर मोजायला शिकते आणि संध्याकाळी आजोबाही खेळतात. दुसऱ्या बाजूला ठिकरीची घरे रंगाने काढावीत. लंगडी घालायला पुरेल एवढी जागा मोकळी ठेवावी. विटीदांडू मात्र ओट्यापासून लांब, रानात. विटीने गेलेला डोळा परत येत नाही.

सागरगोटे, गोट्या, चिंचोके मोठ्या पोरींसाठी ठीक. तीन वर्षांखालचे पोर सोबत असेल तर ते तोंडात घालून श्वासनळीत अडकवते. भाजलेले शेंगदाणेही तसेच. धाकट्यासाठी भातुकलीची मोठी भांडी द्यावीत.

आणि पोराला एक वाफा द्यावा. हात-दोन हात पुरे. मेथी टाकली की चार-पाच दिवसांत उगवते, पोराला दम धरवतो. कोपऱ्यात एकडोळा रोप लावावे. आपल्या नातवाने लावलेला ऊस तो रोज पाहतो, त्याच्या कांड्या मोजतो, आणि मुळे कुठून फुटली म्हणून आम्हाला विचारतो. एका वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीने आम्हाला विचारले, "तुमचं रासायनिक खत माझ्या उसाला घालू का?" आम्ही म्हटले, "नको बाई, तुला शेणखतच बरं." खताची पोती ओट्यावर नसावीत हे ओघाने आलेच.

ओट्याभोवती शोभेला काय लावता तेही पाहावे. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा आणि कुंपणाची चंद्रज्योत ही झाडे पोरांच्या हाताशी नकोत. बिट्टीच्या बिया खेळायला घेतात आणि चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून खातात. मग उलट्या होऊन सगळी पोरे एकदम दवाखान्यात. त्यांच्या जागी जास्वंद, गवती चहा, मोगरा, पेरू लावावेत. सापासाठी गवत-पाचोळा काढणे, ओट्याच्या दगडांतल्या सांधी सिमेंटने बुजवणे आणि अंधारात दिवा, एवढे पुरे. तरीही चावलाच तर चिरू नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हंगामात आपल्या रानात तोडणी टोळी उतरते. बीडकडून आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून आलेली ही माणसे. नवराबायको पहाटे फडात आणि पोर बांधावर चिंधीवर झोपलेले, नाही तर कोपीत एकटे. ट्रॉली मागे घेताना ड्रायव्हरला ते दिसत नाही. आपल्या कठड्याच्या ओट्यावर आपली दोन पोरे खेळत असतील तर त्यांची दोन आली म्हणून ओटा लहान होत नाही. आपला ऊस तुटून जाईस्तोवरचे आठ-दहा दिवस. मुकादमाला आधीच सांगून ठेवावे, आणि गावच्या अंगणवाडीताईंनाही कळवावे. काही घरांत याला कुरकुर होते हे आम्ही जाणून आहोत. पोरांना ती कळत नाही, ती पहिल्या तासातच एकत्र भातुकली मांडतात. ट्रॉली मागे घेण्यापूर्वी एकाने खाली उतरून चाके पाहावीत आणि पोरे मोजावीत, हे मात्र टोळीचे असो की घरचे, सर्वांना लागू.

ओट्याच्या भिंतीवर, काळ्या रंगाच्या वर, मोठ्या अक्षरांत १०८ लिहून ठेवावे. ती रुग्णवाहिका मोफत येते. औषध पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, दूध पाजू नये. कपडे काढून अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. पाण्यातून काढलेल्या पोराला उलटे धरून फिरवण्यात, पोट दाबण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे, आणि मदत येईपर्यंत थांबवू नये. हे शिकून घ्यावे लागते, आणि आजीपेक्षा घरातल्या शाळकरी पोरांना ते लवकर येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी एकत्र शिकावे.

कामाला मुहूर्त म्हणाल तर गळीत हंगामाआधी. तोडणी सुरू झाली की घरात माणूस सापडत नाही आणि गवंडीही दुसरीकडे अडकतो. पोळा झाल्यावर हाती घेतले तर दसऱ्यापर्यंत उरकते, सिमेंटला पाणी मारायलाही पाऊस असतो. ऊस पाहणीस आमचे चिटबॉय येतील तेव्हा टेप त्यांच्या खिशात असतोच. सरी मोजून झाली की त्यांना ओट्यावर बोलवावे, चहा द्यावा आणि गजांमधली फट मोजून घ्यावी.